जुन्या टेपरेकॉर्डरमधील टीबीए ८१० ला पर्याय कोणता?

प्रश्न : वडिलांच्या टेपरेकॉर्डरमधील टीबीए ८१० ही ऑडिओ आयसी (स्पीकरसाठी आवाज वाढवणारी चिप) गेली आहे. बाजारातून आणलेली नवी आयसी दहाच मिनिटांत हात लावता येणार नाही इतकी तापली आणि आवाज फाटू लागला. सेट १२ व्होल्टवर चालतो. मूळ आयसीच शोधत राहावे का?

उत्तर १ : दोष आयसीचाच आहे असे लगेच धरू नये. स्पीकरकडे जाणाऱ्या मोठ्या कपॅसिटरच्या आयसीकडील टोकाला पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट, मिळतात का ते मोजावे. आउटपुटवरील ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर खराब झाल्यास आयसी ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर दोलायमान होऊन (इनपुट नसतानाही आपोआप सिग्नल निर्माण करून) तापते.

उत्तर २ : ते ठीक असेल, तर टीडीए २००३ ही दुसरी ऑडिओ आयसी बसवावी. तिला पाचच पाय असल्याने ती मूळ जागी बसणार नाही. छोट्या वेगळ्या बोर्डवर तिचे स्वतःचे सर्किट जोडून इनपुट, आउटपुट, पुरवठा आणि ग्राउंड यांच्या तारा सेटमध्ये आणाव्या लागतील. तिची धातूची पट्टी ग्राउंडलाच जोडलेली असते, त्यामुळे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) ग्राउंडवर असल्यास मध्ये विद्युतरोधक अभ्रकाचा तुकडा लागत नाही. मूळ बोर्डवरील तांब्याचे पट्टे मात्र कृपया कापू नका. उद्या अस्सल आयसी मिळाली तर सेट पूर्ववत करता आला पाहिजे.

प्रश्नकर्ता : मोठ्या कपॅसिटरच्या आयसीकडील टोकाला ५.९ व्होल्ट मिळाले. ०.१ मायक्रोफॅरडचा तो छोटा कपॅसिटर मात्र एका पायाशी तडकलेला होता. तो बदलल्यावर तीच आयसी तासभर कोमटच राहिली.