५ बदामवर डबल की ५ इस्पिक? टीम मॅचमधला ब्रिजचा डाव, मत हवंय

तिसरा_हात, इंदूर

नमस्कार मंडळी, रविवारी आमच्याकडे टीम ऑफ फोर (चार-चार जणांच्या संघांची मॅच, तेच पत्ते दोन टेबलांवर खेळतात) होती, त्यातल्या एका डावावरून रात्री सराफ्यात गराडू खातानासुद्धा भिडूशी वाद चालूच होता. अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. आधीच सांगतो, मी हुकूम म्हणतोय ते ट्रम्पला, इथे हिंदीवाले हुकुम म्हणजे इस्पिक म्हणतात त्यामुळे आमच्या टेबलावर नेहमी गोंधळ होतो, इथे नको.

आम्ही वल्नरेबल (म्हणजे आमचा दंड जास्त आणि गेमचं बक्षीसही जास्त), ते नाहीत. मी साउथ, डीलर भिडू नॉर्थ. माझे पत्ते:

इस्पिक राजा ९ ६ ५
बदाम राणी ७
चौकट राजा ८ ४ ३
किलवर गुलाम ६ २

भिडू १ इस्पिक, ईस्ट २ बदाम, मी ३ बदाम म्हणजे त्यांचाच सूट बोलून इस्पिकची लिमिट रेज (सपोर्ट आहे, ४ इस्पिकच्या गेमला जायचं का ते तू ठरव) दाखवली, वेस्ट ४ बदाम, भिडू ४ इस्पिक, ईस्ट पास, मी पास, आणि आता वेस्टने ५ बदाम (बदाम हुकूम धरून सहा अधिक पाच, ११ हात करायची बोली) टाकलं. भिडूने चांगला पाऊण मिनिट विचार करून पास केला, ईस्ट पास, आणि माझ्यावर आलं.

मी ५ इस्पिक बोललो. मनात असं की चार पत्त्यांचा सपोर्ट आहे, दोन राजे आहेत, आमची ६२० ची गेम आहे ती हे लोक दोन-तीनशेत चोरून नेतायत, आणि भिडू इतका वेळ थांबला म्हणजे त्यालाही बोलायचं असणार. भिडूकडे इस्पिक एक्का राणी गुलाम ८ ३, बदाम एकच ४, चौकट एक्का ७ २, किलवर राजा राणी ५ ४ असे सोळा पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). एक बदाम, एक चौकट, एक किलवर गेला, १० हात झाले, एक कमी, उणे १००. त्यांनी डबल (दंड आणि कमाई दोन्ही वाढवणारी बोली) दिला नाही हे नशीब. दुसऱ्या टेबलावर आमच्या जागी बसलेल्यांनी ५ बदामला डबल दिला, दोन हात पाडले आणि ३०० घेतले. म्हणजे आमच्या टीमचे दोन्हीकडून मिळून ४०० गेले, ९ आयएमपी (दोन टेबलांच्या फरकावरून मिळणारे मॅचचे गुण). मॅच ५ ने हरलो, हा डाव सारखा सुटला असता तर ४ ने जिंकलो असतो.

भिडू म्हणतो डोळे मिटून डबल. मला पटत नाही, कारण माझ्याकडे त्यांच्या बदामात खात्रीचा एक हात नाही, डबल कशाच्या जोरावर द्यायचा? २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पेअर्सचं (जोड्यांच्या ब्रिजचं) सोनं आणलं तेव्हापासून मी हा खेळ मनापासून शिकतोय, पण पाचव्या लेव्हलला आलो की माझा निर्णय दहातून सहा वेळा तरी चुकतो, त्यामुळे नुसतं डबल दे एवढं नको, विचार कसा करायचा ते कुणीतरी नीट सांगा.

राजवाडा_नॉर्थ

भावा, डबल, हात दिसतात म्हणून नाही द्यायचा, हिशोबावर द्यायचा. तुमच्याकडे इस्पिक किती? भिडूचे पाच तुझे चार, ९. त्यांच्याकडे बदाम किती? तुझे दोन, भिडूकडे एक असेल असं त्या बोलीवरून धरता येतं, म्हणजे त्यांचे १०. बेरीज १९. फ्रान्सच्या झाँ-रेने व्हर्नने साठच्या दशकात मांडलं की दोन्ही बाजूंच्या हुकमांची बेरीज आणि दोन्ही बाजूंना आपापल्या हुकमात होणाऱ्या हातांची बेरीज साधारण सारखी येते, पुढे अमेरिकेच्या लॅरी कोहेनने ते जगभर नेलं. आता १९ धरून एकेक शक्यता मांडून बघ, मी पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा माझेच डोळे उघडले होते.

समज तुम्हाला ११ हात होतात, म्हणजे ५ इस्पिक बनतो, ६५०. मग त्यांना बदाममध्ये ८ च, म्हणजे ५ बदाम डबल तीन हात खाली, ५००. बोलून फायदा किती झाला, १५०, म्हणजे ४ आयएमपी फक्त. तुम्हाला १० झाले तर त्यांना ९, डबलचे ३०० की ५ इस्पिकचे उणे १००, हेच झालं तुझं, ९ गेले. तुम्हाला ९ च झाले तर त्यांना १०, डबलचे अधिक १०० आणि ५ इस्पिक दोन खाली उणे २००, परत ७ गेले, आणि त्यांनी डबल दिला तर आणखी वाईट. म्हणजे ४ मिळवायला ९ किंवा ७ लावतोयस, आणि तेही ११ हात होतील असं तुझ्या पत्त्यात काहीच दिसत नसताना. राहता राहिलं त्यांचं ५ बदाम बनणं, ते झालं तर डबलचे ६५० जातात हे खरं, पण त्यासाठी त्यांना ११ आणि तुम्हाला ८ च व्हायला हवेत, लिमिट रेज आणि ओपनिंगसमोर ते होत नाही.

आमची गेम चोरली हा राग मला कळतो, प्रत्येकाला येतो. पण ६२० वेस्टने ५ बदाम टाकलं त्याच क्षणी गेले, ते आता टेबलावर नाहीतच. उरलं ते ३०० की उणे १००. आणि वेस्टची बोली त्याच्या बाजूने चांगलीच होती हे पण मान, उणे ६२० ऐवजी उणे ३०० घेतो तो, तू ५ इस्पिक बोलून त्याला अजून बक्षीस दिलंस.

जुनी_इंदूरकर

बाळा, मी रामबागेत बावीस वर्षं ब्रिज खेळतेय, माझं सांगणं जरा मागून सुरू होतं. तुझी ३ बदामची बोलीच मला जड वाटली. नऊ पॉइंट आहेत, पण त्यातली बदामाची राणी बघ, त्यांच्या सूटमध्ये दोन पत्त्यांत राणी, वर एक्का राजा ईस्टकडे हे त्याच्या बोलीवरूनच कळतं. आपण इस्पिक खेळताना ती राणी शून्य. किलवरचा गुलाम भिडूकडे राजा राणी निघाले म्हणून कामाला आला, नाहीतर तो पण नुसता शोभेचा. म्हणजे तुझ्याकडे खरे दोन राजे, आणि आकार ४-२-४-३, कुठे एकपत्ती नाही, काहीच नाही. मी अशावर ३ इस्पिक बोलते. तुझी ३ बदाम चालेल म्हणून सोडून दिली तरी, त्या एका बोलीत तू होतं तेवढं सगळं सांगून टाकलंस आणि वर थोडं उसनं घेतलंस. मग ५ इस्पिक बोलायला तुझ्याकडे नवीन काय उरलं होतं? मी शिकवते तेव्हा हेच विचारायला लावते, मी अजून न सांगितलेलं माझ्या पत्त्यात काय आहे. बदाम एकच असता, किंवा पाचवा इस्पिक असता, किंवा किलवर राणीसकट पाच असते तर ते सांगायला परत बोलायचं होतं.

डबल कशाच्या जोरावर विचारतोस, तर तुझ्या चपट्या आकाराच्या जोरावर. तुझ्याकडे बदाम दोन आहेत म्हणजे तू काही कापू शकत नाहीस आणि दोन्ही राजे बहुतेक बचावात एकेक हात घेतात. या डावात तुझी उतारी होती, छोटा इस्पिक, भिडूने एक्क्याने घेऊन किलवरचा राजा मारला की झालं. वेस्टचा एक्का निघून जातो, मग चौकटीचे दोन आणि किलवरचा एक असे तुमचे मिळून चार होतात. एकच सांभाळायचं, त्यांची चौकट मोकळी व्हायच्या आत किलवर खेळायचा, कारण वेस्टकडे चौकट लांब असेल तर ईस्ट त्याच्यावर हरणारा किलवर फेकून देईल.

आणि एक गोष्ट रागावून नाही, पण स्पष्ट सांगते. भिडू थांबला म्हणजे त्याला बोलायचं असणार, हा विचार तू लिहिलायस ते प्रामाणिकपणे लिहिलायस म्हणून बरं वाटलं, पण तो विचार करायचाच नसतो. भिडूच्या बोलीचा अर्थ घ्यायचा, त्याच्या थांबण्याचा नाही. ब्रिजचा कायदा १६ याच्यासाठीच आहे. तुझा ५ इस्पिक बनला असता आणि समोरच्यांनी डायरेक्टरला (पंचाला) बोलावलं असतं, तर डबल हा सरळ पर्याय समोर असताना तू थांबण्यावरून सुचणारी बोली निवडलीस म्हणून ते ६५० काढून घेतले गेले असते. खाली गेलास म्हणून कुणी बोललं नाही. भिडू अडखळला की उलट त्याच्या थांबण्याने जे सुचतं त्यापासून लांब राहायचं, कितीही जिवावर आलं तरी. आमच्या पिढीने हे टेबलावर ओरडा खाऊन शिकलं.

बडोद्याचा_भिडू

मावशींचं बरोबर, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही, तुमच्या पार्टनरशिपमध्ये भिडूचा तो पास फोर्सिंग होता का? तुम्ही वल्नरेबल, ते नाही, तू लिमिट रेज दाखवलीस आणि भिडूने स्वतःहून गेम मागितली, आता त्यांनी ५ बदाम टाकलं तर तो डाव आपलाच आहे, त्यांना विनाडबल ५ बदाम खेळू द्यायचंच नाही, असं आम्ही तरी खेळतो. मग भिडूचा पास म्हणजे "मी डबल देत नाही, माझ्याकडे बदाम कमी आहे, आता तू ठरव". आणि तू ठरवताना तुझ्याकडे बदाम दोन आणि आकार चपटा म्हणून डबल. भिडूने स्वतः डबल दिला असता तर त्याचा अर्थ पुढे जाऊ नकोस. एवढं ठरलेलं असलं की पाऊण मिनिट विचार करायची वेळच येत नाही, आणि मावशी म्हणतायत तो कायद्याचा प्रश्न पण येत नाही. थांबणं बहुतेक वेळा तिथेच होतं जिथे दोघांचं ठरलेलं नसतं. काही जण लिमिट रेजनंतर पास फोर्सिंग धरत नाहीत, कारण ती रेज गेमपर्यंत जायला बांधील नसते, ते पण चालतं, पण दोघांनी एकच धरायला हवं.

राजवाडा_नॉर्थ भाई, तुमच्या १९ बद्दल मात्र थोडं. इथे १० अधिक ९ तंतोतंत बसलं ते बघायला छान आहे, पण हा नियम प्रत्येक डावात एवढा चोख चालत नाही. माईक लॉरेन्स आणि स्वीडनच्या अँडर्स विरग्रेनने त्याच्यावर खूप टीका केलीय, त्यांचं म्हणणं हुकूम मोजण्यापेक्षा आपल्या दोघांकडे कुठला सूट किती छोटा आहे आणि कामाचे पॉइंट किती हे बघा. मला वाटतं तिसरा_हातने इथे दोन्ही पद्धतींनी विचार केला असता तरी उत्तर तेच आलं असतं, पण दोन्हीकडे दुसरा सूट पण जुळत असेल, म्हणजे समज तुमचं किलवर पाच-चार आणि त्यांचं चौकट पाच-चार, तेव्हा हातांची बेरीज हुकमांपेक्षा एक-दोनने वर जाते आणि तिथे डबल देऊन ६५० घालवणारे मी खूप बघितलेत. अशा वेळी शंका असेल तर एक वर बोलावं.

राजवाडा_नॉर्थ

मान्य, डबल फिट असेल तर मी पण एक वाढवतो. आणि उलट बाजू म्हणजे त्यांच्या सूटमधली राणी-गुलाम आपल्याकडे असली की एक कमी धरायचा, इथे बदामाची राणी होतीच, फक्त ती एक्का-राजाखाली पडली म्हणून बेरीज १९ च राहिली.

तिसरा_हात, इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. राजवाडा_नॉर्थ दादा, तो ४ विरुद्ध ९ चा हिशोब मी रात्री परत कागदावर केला आणि मग झोप लागली. जुनी_इंदूरकर मावशी, थांबण्याबद्दल तुम्ही बोललात ते लागलं, पण बरोबर आहे, मी पुढच्या रविवारी त्या समोरच्या दोघांना जाऊन सांगणार आहे की माझी बोली चुकीच्या कारणाने होती. भिडूला फोन केला होता, त्याने पास फोर्सिंग समजूनच केला होता आणि मला ते माहीतच नव्हतं, तीन वर्षं सोबत खेळतोय आणि हे एकदाही बोललो नव्हतो. आता आमच्या ठरलेल्या बोलींच्या कार्डावर लिहून घेतलंय, आपण वल्नरेबल, ते नाही, रेज दाखवून गेम मागितलेली, तर पास फोर्सिंग.

एकच विचारायचं राहिलं, मी २ बदामवर सरळ ४ इस्पिक टाकलं असतं तर? तेव्हा पण ५ बदामवरचा पास फोर्सिंगच का?

बडोद्याचा_भिडू

नाही, तिथे नाही. सरळ ४ इस्पिक म्हणजे पाच इस्पिक आणि कमी पॉइंट असं पण असू शकतं, समोरच्यांना अडवायला टाकलेलं, त्यामुळे डाव आपलाच आहे असं भिडू धरू शकत नाही, त्याचा पास नुसता पास. आणि तुझे हे पत्ते त्या बोलीचे नाहीतच, चौकटीचा राजा आणि ४-२-४-३ घेऊन तिथे उडी मारू नकोस. कार्डावर या दोन्ही ओळी एकाखाली एक लिहा.