एमपीसी-एचसी हा व्हिडिओ प्लेअर बंद झालाय, काढून टाकू का?

रात्रपाळी: एमपीसी-एचसीची 2017 मधली 1.7.13 ही आवृत्ती शेवटची, असं आत्ता कळलं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर हाच एक प्लेअर न अडखळता चालतो. (बाकीचे नुसता पंखा ऐकवतात.) काढून टाकू?

खटपट्या: घाई नको. त्याला इंटरनेट लागत नाही, चालत राहील. फक्त त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी आता कोणी बुजवणार नाही. अनोळखी फायली त्यात उघडू नका.

सबटायटलवाली: अहो, त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला आहे ना! दुसऱ्या डेव्हलपरने तोच पुढे चालवलाय, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आवृत्ती 2.0 च्याही पुढे गेलीय. मी तोच वापरते.

रात्रपाळी: बसवला. एफ1-एफ2 ने सबटायटल मागेपुढे होतात, अगदी पूर्वीसारखी. झकास!