मदत हवी आहे: बास्केटबॉल कोचिंग गेममध्ये टेम्पो कोणता ठेवू? टीम सरस आहे, पण पळणारी नाही

नमस्कार मंडळी,

आम्हा ऑफिसातल्या काही जणांची एका बास्केटबॉल कोचिंग गेममध्ये लीग सुरू आहे. स्वतः बटणं दाबून खेळायचे नाही. टीम बांधायची, मॅचआधी डावपेच लावून ठेवायचे आणि रात्री निकाल बघायचा. नियम फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना): 10 मिनिटांचे चार क्वार्टर, 24 सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट घ्यायचाच. टेम्पोला, म्हणजे खेळाच्या वेगाला, पाच पायऱ्या आहेत, एकदम संथपासून एकदम सुसाटपर्यंत. तेवढे एकच कोडे मला सुटून नाही राहिले.

माझ्याकडे दोन उंच, दणकट सेंटर (बास्केटजवळ खेळणारे) आहेत, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) भरपूर. पॉइंट गार्ड पासिंगला उत्तम, बॉल सहसा गमावत नाही. पण धावणारा कोणीच नाही, स्टॅमिना बेताचा, आणि बेंचवरचे पहिले दोघे सोडले तर बाकीचे नावापुरते. अशी टीम असेल तर संथ खेळा, सेट (ठरवलेली चाल) लावा, बॉल आत द्या, हे कोणीही सांगेल.

पण लीगमधल्या बहुतेक टीमपेक्षा आम्ही सरस आहोत, आणि सरस टीमने पझेशन (बॉल आपल्या ताब्यात येण्याच्या खेपा) वाढवावीत असे सगळीकडे वाचायला मिळते. कारणही पटते. पझेशन जितकी जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी. मॅच आखडून ठेवायची ती कमजोर टीमने. त्याचे टोक म्हणजे 22 नोव्हेंबर 1950 ची मॅच. समोर त्या काळचा दादा सेंटर जॉर्ज मायकनची मिनियापोलिस लेकर्स, म्हणून फोर्ट वेन पिस्टन्सने बॉल नुसता धरून ठेवला आणि 19-18 ने मॅच काढली. (शॉट क्लॉक तेव्हा नव्हताच, तो एनबीएत 1954-55 च्या सीझनला आला.)

म्हणजे माझे खेळाडू म्हणतात हळू आणि गणित म्हणते जोरात. कोणाचे ऐकू?

"फास्ट केल्यावर गुण वाढतात का बघ" असे कृपया सांगू नका. गुण दोघांचेही वाढतात. मी 100 पझेशनमागे किती गुण होतात ते बघतो. गेम पझेशन दाखवत नाही, म्हणून नेहमीचे सूत्र: शॉट वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच हुकलेल्या शॉटचे), अधिक टर्नओव्हर (शॉटआधीच गमावलेले बॉल), अधिक फ्री थ्रोच्या 0.44 पट.

आमच्यातला एक जण लहानपणापासून खऱ्या कोर्टावर खेळलेला आहे. त्याचे एकच, "पोट्टे पळव ना बे!" मे महिन्यात नागपुरात दुपारी चारला त्याला मानकापूरच्या मोकळ्या मैदानात उभा करून मग विचारावे वाटते.

जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद 1

सरळ फास्ट ठेवा. कोच माइक डी'अँटोनीच्या फिनिक्स सन्सने 2004-05 मध्ये असंच खेळून 62 मॅच जिंकल्या.

धागाकर्ता

भाऊ, त्यांच्याकडे स्टीव्ह नॅशसोबत पळायला मॅरियन आणि स्टूडमायर होते. माझे सेंटर अर्ध्या कोर्टापर्यंत पोचेस्तोवर समोरच्याची लेअप (बास्केटजवळ पळत जाऊन टाकलेला शॉट) होऊन जाते.

प्रतिसाद 2

तुम्ही वाचलेलं खरं आहे, पण त्याचा फायदा किती असतो ते कोणी मोजत नाही. समजा, संथ खेळात 70 पझेशन होतात आणि दर पझेशनला तुम्ही 0.10 गुणांनी सरस आहात. म्हणजे सरासरी 7 ची आघाडी. वेग वाढवून 84 पझेशन झाली आणि सरसपणा तेवढाच राहिला, तर 8.4. पण निकालातला चढउतारही वाढतो, वर्गमुळाच्या हिशेबाने. पझेशन 20 टक्क्यांनी वाढली तरी खरा फायदा साडेनऊ टक्क्यांच्या आसपासच.

आता उलट बघा. पळण्याच्या नादात 100 पझेशनमागे एक गुण जरी घटला, म्हणजे 10 चा सरसपणा 9 वर आला, तरी तो सगळा फायदा गेला. दमलेले सेंटर, घाईतले पास, डिफेन्सला उशिरा परतणं, एवढ्यात तुमचा एकच गुण जाईल असं मला तरी वाटत नाही. तेव्हा खेळाडूंचं ऐका, गणितही त्यांच्याच बाजूने आहे. लीगमधल्या एकदोन टीम तुमच्यापेक्षा भारी असतील, त्यांच्यापुढे तर अगदी संथच.

फ्रेंडली मॅच लावून तपासणार असाल तर जिंकलो-हरलो बघू नका. एका मॅचमध्ये 10-12 गुण सहज इकडचे तिकडे होतात, चार मॅचमधून काही कळत नाही. त्यापेक्षा टर्नओव्हर आणि चौथ्या क्वार्टरमधली शूटिंगची टक्केवारी बघा. थकवा आधी तिथे दिसतो.

धागाकर्ता

हे 100 मागे एक गुण वाचून डोक्यातली गाठ सुटली. धन्यवाद! सध्या मधल्यापेक्षा एक पायरी खाली लावून ठेवतो. आघाडी असेल तर चौथ्या क्वार्टरला अजून खाली आणू का? क्वार्टरवार सेटिंग आहे.

प्रतिसाद 2

आणा, पण एकदम तळाला नको. शेवटच्या पायरीवर काही गेमचं इंजिन क्लॉक संपत आल्यावरच शॉट घ्यायला लावतं आणि मग वाईट शॉट वाढतात. शिवाय ऑफेन्सिव्ह रिबाउंडनंतर क्लॉक 24 नाही, 14 वर येतो. तुमच्या सेंटरनी बॉल परत बाहेर काढून सेट लावण्यापेक्षा तिथल्या तिथे टाकलेला बरा.

धागाकर्ता

रविवारी सेमीफायनल आहे, समोरची टीम पळणारी. दोघांचा टेम्पो वेगळा असला की गेम मधला कुठला तरी धरते, म्हणजे माझ्या मनाएवढी संथ मॅच होणारच नाही. त्यासाठी एका सेंटरला ऑफेन्सिव्ह रिबाउंडला न पाठवता मागे ठेवायचे सेटिंग दिसून राहिले आहे. पण रिबाउंड हीच तर आमची कमाई. कोणी वापरले असेल तर शुक्रवार रात्रीच्या आत सांगजा, त्यानंतर लाइनअप लॉक होते.