रेडिओवर सकाळचे राग ऐकतोय, पण भैरव आणि तोडी वेगळे कसे ओळखायचे?

पहाटपाळी
सकाळी सहा ते आठ रेडिओ लावतो: पुणे केंद्र मध्यम लहरींवर (७९२ किलोहर्ट्झ), नाहीतर मोबाईलवर आकाशवाणीची 'रागम' वाहिनी. तीन अडचणी आहेत. उद्घोषणा चुकली की भैरव आणि तोडी सारखेच वाटतात, दोन्ही गंभीर, दोन्हीत रिषभ-धैवत कोमल. विलंबित (संथ) एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या तालात, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) सापडत नाही. आणि मध्यम लहरींवर सतत गुणगुण येते. गाणं शिकलेलो नाही, घरात पेटी मात्र आहे.

कोमल_रिषभ
पेटी आहे म्हणजे निम्मं काम झालं. आधी गायकाचा सा शोधा. आलापाच्या सुरुवातीला तानपुरा उघडा ऐकू येतो, तेव्हाच पट्ट्या दाबून बघा. पुरुष गायक बहुधा काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. सा पक्का नसेल तर पुढचा सगळा अंदाज फसतो. नवख्यांची गल्लत इथेच होते: गायक पंचमावर बराच वेळ थांबला की तोच सा वाटायला लागतो.

आता भैरव-तोडी. रे कोमल दोन्हीकडे आहे, म्हणून त्यावर कान ठेवून उपयोग नाही. मोठी उडी कुठे पडते ते ऐका. भैरवात कोमल रे नंतर शुद्ध ग, मधे दोन पट्ट्या सुटतात, आणि ग-म मात्र एकमेकांना चिकटून. तोडीत रे-ग जवळ (ग कोमल, तोही खूप उतरलेला) आणि उडी ग नंतर, थेट तीव्र मध्यमावर. पेटीवर दोन्ही दहा-दहा वेळा वाजवा. पेटीवर तोडीचा खरा गंधार मिळत नाही, पण उडीची जागा कळायला तेवढं पुरतं. शिवाय भैरवातला रे आणि ध झोके घेतो, 'ग म रे सा' करताना रेवर आंदोलन स्पष्ट येतं.

ललित लागला तर पंचमाची वाट बघू नका, तो नसतोच. दोन मध्यम लागोपाठ आले की ललित. तानपुराही पंचमाऐवजी मध्यमावर किंवा निषादावर लावलेला असतो.

मध्यलय
समेसाठी मात्रा मोजू नका. अतिविलंबितात एक मात्रा चार सेकंदांपर्यंत ताणते, बाराचं आवर्तन पाऊण मिनिटाच्या घरात जातं आणि मोजणारा मधेच घसरतो. तबल्यातला 'तिरकिट' पकडा. तो चौथ्या आणि दहाव्या मात्रेला येतो. दुसऱ्या तिरकिटानंतर दोन मात्रा, 'धिं ना', आणि सम. गायक त्याच सुमारास बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचे शब्द) उचलतो. पहिला तिरकिट की दुसरा, हा गोंधळ राहिला तर मधले बोल ऐका: पहिल्यानंतर 'तू ना कत् ता' येतं, कत् बंद (न घुमता) वाजतो.

फेराइट
गुणगुणीचं कारण बहुतेक घरातच असतं. एलईडी दिवे, मोबाईलचा चार्जर, राउटरचा अडॅप्टर एकेक बंद करून बघा आणि रेडिओ सेलवर चालवा. लांब ओढायच्या अँटेनाचा मध्यम लहरींना उपयोग नाही, त्यांच्यासाठी आत फेराइटची कांडी असते. म्हणून रेडिओच सावकाश फिरवा, एका दिशेला आवाज पडतो आणि तिथून काटकोनात सगळ्यात चांगला येतो.

सूर्योदयाआधी लांबची केंद्रं आकाशातून परावर्तित होऊन मिसळतात. उजाडल्यावर वातावरणाचा खालचा थर त्या लहरी शोषून घेतो आणि आवाज निवळतो. अंधार असेपर्यंत 'रागम' लावा, उजाडलं की रेडिओ.

कोमल_रिषभ
'रागम'वर एक गोष्ट जपा. तिथे कर्नाटक संगीतही असतं आणि नावं फसवतात. तिकडच्या तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे. आपल्या मियाँ की तोडीशी (वर म्हटलेली तोडी तीच) जुळणारा मेळ (स्वरांचा संच) तिकडे शुभपंतुवराळी. साथीला मृदंगम आणि व्हायोलिन ऐकू आलं तर वहीत 'तोडी' लिहू नका, सगळी तुलना बिघडेल.

वही ठेवाच. ऐकताना आधी तुमचा अंदाज लिहा, मग शेवटची उद्घोषणा ऐका. राग आणि ताल बहुधा शेवटीही सांगतात.

पहाटपाळी
तिरकिट आज सकाळी सापडला! उडीचंही पेटीवर कळलं. भूप सकाळी लागतो का? पाचच स्वर होते, पण भूप म्हणावा असं वाटेना.

कोमल_रिषभ
तो देशकार असणार. स्वर तेच, सा रे ग प ध. भूप संध्याकाळनंतरचा, गंधारावर विसावतो, मंद्र-मध्य (खालच्या आणि मधल्या) सप्तकात रमतो. देशकार धैवतावर उभा राहतो आणि वरच्या सा भोवती फिरतो, गंधारावर रेंगाळत नाही. रेंगाळला की भूप डोकावतो, चांगले गायक ते कटाक्षाने टाळतात. उद्या गंधार किती लांब धरतात तेवढंच ऐका.