घोडी नालबंदाला मागचा पाय देत नाही, आणि खूर कापल्यापासून जपून चालतेय

नवखा_स्वार:
नमस्कार मंडळी, माझी घोडी चौदा वर्षांची आहे, नाल नाहीत, नुसते खूर कापून घेतो. पुढचे दोन्ही पाय गरीब गाईसारखे देते, मागचा डावाही देते, पण मागचा उजवा धरला की मिनिटभरात खेचून घेते. परवा नालबंदाच्या मांडीवरून असा झटकला की हातातली कानस उडून भिंतीवर आपटली. ते भडकले आणि तिच्या पोटात एक ठोसा हाणला, मी मोरकी धरून नुसता बघत राहिलो, तोंडातून शब्द फुटला नाही याचं अजून वाईट वाटतंय. जाताना म्हणाले, पुढच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन देऊन ठेवा, नाहीतर मला बोलवू नका. आता दोन दिवस झाले, मातीवर बरी चालते पण खडीवर आली की काट्यावरून चालल्यासारखी पावलं टाकते. मध्ये माझ्याकडूनही जरा गॅप पडली, बारा आठवडे खूर कापले नव्हते. नालबंद बदलू का?

पागेतली_ताई:
नालबंदाचं नंतर बघा, आधी जाऊन चारही खुरांना हात लावा. एकच खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागतंय का? खालच्या गोल सांध्यामागे दोन्ही कडांना बोटं ठेवली की नाडी लागते, निरोगी पायात ती जेमतेम कळते, ठणठण उडत असेल तर डॉक्टरांना आजच फोन करा. एकाच पायात असेल तर आत पू धरलेला असू शकतो, दोन्ही पुढच्या पायांत असेल आणि घोडी मागे रेलून टाचांवर उभी राहत असेल तर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराला सूज, त्यात उशीर करून चालत नाही. यातलं काहीच नसेल आणि फक्त खडी टोचत असेल तर तळवा जरा जास्त खरवडला गेला असणार. मऊ जमिनीवर ठेवा, चारेक दिवसांत फरक पडायला हवा, नाही पडला तरी डॉक्टर.

कानस_आणि_पक्कड:
मी स्वतः हेच काम करतो म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो. जनावराला मारणारा माणूस मला चालत नाही, मारलेला घोडा पुढच्या वेळी पाय आणखी जोरात खेचतो एवढं तरी धंद्यातल्या माणसाला कळायला पाहिजे. पण दादा, बारा आठवडे? खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतं म्हणजे जवळपास दोन-अडीच सेंटीमीटर वाढवून तुम्ही त्याच्यासमोर उभं केलंत. पुढचं टोक लांबलं की पाऊल उचलताना मागच्या शिरांवर ताण येतो, टाचा पुढे सरकून आडव्या पडतात, मग माणूस एकाच बैठकीत सगळं जागेवर आणायला जातो आणि तळवा पातळ होतो. सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा, थोडं थोडं कापलेलं कधी दुखत नाही.

आता पायाचं. तुम्ही सगळे उजव्याकडे बघताय, पण उजवा उचलला की मागचं सगळं वजन कुठे जातं? डाव्यावर. चौदा वर्षांच्या घोडीचा डावा हॉक, म्हणजे मागच्या पायाचा मधला सांधा, दुखत असेल तर ती उजवा देणारच नाही, तिला उजवा खाली टेकवायचा असतो! डावा मात्र खुशाल देते कारण तेव्हा त्याला आराम. डॉक्टरांना डावा तपासायला सांगा. उजवा आपण खूप उंच धरतो हेही असू शकतं, मागच्या पायात हॉक आणि वरचा सांधा एकत्रच दुमडतात, म्हणून पाय खाली ठेवायचा, बाहेर ओढायचा नाही. इंजेक्शन द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही आम्ही नाही.

ओसाड_तबेला:
नालबंद यायच्या दिवशी पाय चिखलात माखलेले, खाण्याची वेळ झालेली, शेजारचे घोडे चरायला सोडलेले आणि मालक फोनवर, हे पण एकदा लिहा कुणीतरी 😄 बाय द वे, धरणाऱ्याने नालबंदाच्या बाजूलाच उभं राहायचं, ती वळवळली तर तोंड आपल्याकडे घ्यायचं म्हणजे मागचा भाग त्याच्यापासून लांब जातो.

नवखा_स्वार:
अपडेट देतो. खूर गरम नव्हते, नाडीही साधीच होती, पाचव्या दिवशी खडीवर बरी चालली. पक्कडवाले काका, तुमचं बरोबर निघालं. डॉक्टरांनी डावा मागचा पाय मिनिटभर दुमडून धरला आणि लगेच दौडवली तर पहिल्या आठ-दहा पावलांत स्पष्ट लंगडली, उजव्याला काही नाही. खूर कापायच्या आधी द्यायला दुखण्याचं औषध लिहून दिलंय. मी रोज उजवा पाय जमिनीपासून वीतभरच उचलतो, दहा मोजतो, ती खेचायच्या आत मीच खाली ठेवतो. काल वीसपर्यंत गेलो.

नालबंदाला फोन केला. डाव्या हॉकचं ऐकून जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले सहा आठवड्यांनी येतो, उजवा आधी घेऊ, ती दमायच्या आत, आणि मधे दोनदा टेकवू देऊ. ठोशाचा विषय मी काढला, परत असं झालं तर काम थांबवीन म्हणालो. "बरं" एवढंच बोलले.