मदत हवी आहे: एचआर सर्टिफिकेशन, एसएचआरएम-सीपी की एपीएचआरआय?

नमस्कार मंडळी, मी बेळगावात उद्यमबागच्या एका फाउंड्रीत एचआरला आहे, म्हणजे नावाला एचआर, दिवसभर काम काय तर मस्टर, पीएफ, ईएसआय आणि कोण न सांगता गावच्या जत्रेला गेला ते शोधणे 😅 तीन वर्षं झाली, आता पुण्याला जायचं डोक्यात आहे म्हणून एचआरचं सर्टिफिकेशन करायचं म्हणतोय. दोन परीक्षा डोळ्यासमोर आहेत: एपीएचआरआय (एचआरसीआय या संस्थेची, नवख्यांसाठीची) आणि एसएचआरएम-सीपी (एसएचआरएम या अमेरिकेतल्या एचआर संस्थेची).

एपीएचआरआयला अनुभव लागत नाही हे माहीत आहे, पण मग माझ्या तीन वर्षांचा काय उपयोग की. म्हणून मन एसएचआरएम-सीपीकडे. त्यात १३४ प्रश्न, त्यातले ५४ प्रसंगावरचे, आणि माझी गाडी तिथंच अडकते बघा. थिअरी पाठ होते. पण प्रॅक्टिसमध्ये आलं की दोन कामगारांचं भांडण झालंय, तुम्ही काय कराल? आमच्याकडं दोघांना कँटीनला बसवायचं, एकाशी कन्नडमधून एकाशी मराठीतून बोलायचं, चहा पाजायचा, विषय संपला. उत्तर मात्र निघतं दोघांचं म्हणणं वेगवेगळं ऐका, नोंद ठेवा, मग ठरवा. चारही पर्याय मला बरोबरच वाटतात हो!

तर कुणी दिली असेल तर सांगा की, हे प्रसंगावरचे प्रश्न कसे तयार केले? नुसतं एसएचआरएमचं बास्क (परीक्षेत काय काय येतं ते सांगणारा त्यांचा अभ्यासक्रम) वाचून जमतं का? माझं दहावीपर्यंत मराठी मिडियम, इंग्रजी वाचायला वेळ लागतो. आणि खानापूरहून रोज येऊन-जाऊन करणाऱ्याला किती महिने धरावेत? बेळगाव-निपाणीकडचं कुणी तयारी करत असेल तर रविवारी टिळकवाडीत एकत्र बसू.