स्मार्ट बोर्ड नको, रिक्षा हवी

प्रेषक: खजिनदार
विषय: पुण्याच्या शाळेसाठी दोन स्मार्ट बोर्ड

नमस्कार मंडळी,

गणपतीत उरलेले आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींचे मिळून आपल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या शाळा निधीत दोन स्मार्ट बोर्ड येतील एवढे पैसे झाले आहेत. ताई सध्या पुण्यात आहेत आणि त्या त्याच शाळेत शिकल्या. ताई, एवढं करा: मुख्याध्यापिकांकडून भिंतीचं माप आणि बँकेचा खातेक्रमांक आणा. जुलैच्या पिकनिकला जाहीर करू. नंतर मुलांचा नव्या बोर्डासमोर एक फोटोही लागेल.

खजिनदार

---

प्रेषक: ताई, मुक्काम सदाशिव पेठ
विषय: उत्तर: पुण्याच्या शाळेसाठी दोन स्मार्ट बोर्ड

माप आणलेलं नाही. आधी ऐकून घ्या.

सोमवारी गेले तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "देणगीचं मी एकटी ठरवत नाही. गुरुवारी समिती आहे, तुम्हीच येऊन बसा." शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आलेली. पाऊण सभासद पालक, एकूण सभासदांत निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांमधलाच, आणि मुख्याध्यापक सचिव. हे सगळं मला गुरुवारीच कळलं. वीस वर्षं आपण देणग्या पाठवतोय, पण ही समिती मला माहीत नव्हती.

बैठक तिसरीच्या वर्गात. बाकं एवढीशी, गुडघे हनुवटीला. अध्यक्षबाई चार घरच्या पोळ्या करतात, तशाच आल्या होत्या, बांगड्यांना कणीक वाळलेली. इतिवृत्ताच्या वहीत सह्या झाल्या आणि विषय क्रमांक तीन निघाला, परदेशातील मंडळाची देणगी. एक वडील म्हणाले, "आहे तो बंद पडला त्याचं काय?" म्हणून मला कोपऱ्यातलं कपाट उघडून दाखवलं. आत एक प्रोजेक्टर, वर दुकानाची कापडी पिशवी घातलेली. कोणीतरी भल्या माणसाने दिलेला. दिवा गेला, वॉरंटी संपली, नवा दिवा कोणत्या खर्चात बसवायचा हे कुणालाच सांगता येईना. शेजारी शाडूचे दोन गणपती आणि लेझीम. (लेझीम आमच्या वेळची असावी, मुठी तशाच लाल.)

मग विषय क्रमांक चार. ही शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी स्वारगेटच्या बाजूला जावं लागतं. कायद्यात सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी असं आहे, त्यामुळे कागदावर सगळं बरोबर. पण सारसबागेजवळचा चौक सकाळी एकदा पायी ओलांडून बघा. गेल्या वर्षी सातवी झालेल्या तीन मुली आठवीत पोचल्याच नाहीत. एक आता धाकट्या भावाला सांभाळते, दोघी आईबरोबर कामाला जातात. समितीने कचेरीत दोनदा पत्र दिलं. दोन्ही पत्रांची पोच वहीत चिकटवली आहे. उत्तर नाही.

अध्यक्षबाईंनी पैशाच्या पाकिटातून चिठ्ठी काढली. दोन रिक्षावाल्यांना विचारून आल्या होत्या. यंदा सहा मुली आहेत, एका रिक्षात तिघी, चौथी बसवणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलंय. खाली महिन्याचा आकडा, पेन्सिलने. मला म्हणाल्या, "ताई, याचं जमतंय का बघा ना."

दोन्ही बोर्डांच्या पैशात दोन्ही रिक्षा वर्षभर चालून वर पैसे उरतात. मी तिथेच हिशेब केला.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: पुण्याच्या शाळेसाठी दोन स्मार्ट बोर्ड

ताई, भावना कळली. पण रिक्षा हा दरवर्षीचा खर्च आहे, पुढच्या वर्षी पैसे जमले नाहीत तर? मनपा शाळांच्या मुलांना पीएमपीचा पास मिळतो ना, मग बस का नाही?

आणि खरं सांगायचं तर हे काम आपलं नव्हेच. आमच्या टाउनशिपमध्ये असं झालं असतं तर लोक स्कूल बोर्डाच्या बैठकीत माइकसमोर तीन मिनिटं उभे राहून बोलले असते. बोर्डावर नऊ जण, निवडून आलेले, मानधन शून्य, आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा शाळांचा, त्यामुळे बोलायला सगळेच येतात. पुण्यातही शिक्षण मंडळ होतं. त्यांना का नाही सांगत?

---

प्रेषक: काका
विषय: उत्तर: शिक्षण मंडळ

खजिनदार, "होतं" हे तुम्ही बरोबर लिहिलंत.

मी मनपा शाळेत शिकवून निवृत्त झालो, म्हणून लिहितो. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाखालचं ते मंडळ. सभासद नगरसेवकांनी निवडायचे, सभापती त्यांच्यातला, आणि प्रशासन अधिकारी सरकारने नेमलेला. एका म्यानात दोन तलवारी, भांडणं ठरलेली. मी त्याची तरफदारी करणार नाही. पण पालकाला भांडायला एक दार होतं, एवढं खरं. २०१३ मध्ये राज्याने शिक्षण मंडळं मोडीत काढायचं ठरवलं, पुण्यातलं त्यानंतर काही वर्षं रेंगाळून गेलं आणि शाळा थेट महापालिकेकडे आल्या. मग मार्च २०२२ ला नगरसेवकांचीच मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते. एवढी वर्षं अध्यक्षबाईंसारख्यांनी जायचं कुणाकडे? हाताशी राहिली ती ही समितीची वही.

गोखल्यांचं १९११ चं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आठवा. सक्ती लागू करायची की नाही ते नगरपालिकांनी ठरवायचं आणि खर्चाचे दोन हिस्से सरकारने, एक त्यांनी उचलायचा. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सक्ती त्यातही आधी मुलग्यांनाच होती. गोखले स्वतः पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले, पैसा कुठे अडतो ते त्यांना पक्कं माहीत होतं.

बसचं उत्तर मी देतो: पास खिशात असला तरी थांब्यापर्यंत तोच चौक ओलांडावा लागतो.

---

प्रेषक: ताई, मुक्काम सदाशिव पेठ
विषय: उत्तर: रिक्षा

काका, नेमकं तेच.

खजिनदार, एक अडचण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. बोर्ड असो की रिक्षा, मंडळाच्या खात्यातून पुण्यात पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी होते, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा लागतो. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ते त्यात धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्यांचं मात्र धरतात. म्हणजे कार्यकारिणीत कोण कोण देऊ शकतं ते तुम्हालाच मोजावं लागेल. दोन्ही पासपोर्ट निळेच असतात, नीट उघडून बघा.

माझा अजून भारतीय आहे. पहिले तीन महिने माझ्याकडून. बाकीच्यांनी मला वैयक्तिक कळवा, लिस्टवर नको, आकडे वाचून इथे स्पर्धा सुरू होते.

समितीत ठराव झाला: पैसे मुलींच्या पालकांना, रिक्षावाल्याची सही दर महिन्याला वहीत. पुढच्या वर्षाचं म्हणाल, तर अध्यक्षबाई तिसरं पत्र लिहिताहेत. यात अंतर किलोमीटरमध्ये न घालता चौकाचा फोटो लावायचा असं ठरलंय. तो मी काढला.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: रिक्षा

माझा पासपोर्ट २०१४ पासून अमेरिकन. सौ.चा भारतीय आहे, तिच्या खात्यातून दोन महिने धरा.

पिकनिकला काय सांगू तेवढं कळवा.

---

प्रेषक: ताई, मुक्काम सदाशिव पेठ
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: रिक्षा

सहा मुली आठवीत बसल्या, एवढं सांगा. आणि वहिनींना सांगा, शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी रिक्षावाला सव्वासहाला येणार, त्याचे पन्नास जास्त मागतोय. मी चाळीसवर आणलाय.